सावलीचे कान

“तुमी तं तवा खदानीत होते, आबाजी! मंग तिनं मान वळवली का नाही वळवली, हे तुमाले दिसलं कसं?”

“नाही दिसलं तं काय झालं? गोष्ट होय ते! गोष्टीत सगळं दिसते.”

“कसं दिसते? ‘मी’ लिहून राहिले ना तुमी? ‘मी’ खदानीच्या ऑफिसात, अन् ‘मी’ले घरचं आंगन दिसते! दुर्बीन होती काय?”

“तू टाइप कर बे गुमान. अकरावी सोडेल पोट्टं मले गोष्ट शिकवते. कान पाय, सुपासारखे झाले, अन् ऐकत मातर कोनाचंच नाही!”

मी मोबाईल खाटेवर फेकला अन् मागच्या आंगनात निंगून गेलो. मले राग लवकर येते. शाळा बी रागातच सुटली, त्याचं आता काही नाही. सध्या पावर हाउसच्या बजारात हिरालाल भैयाच्या फ्लेक्सच्या दुकानात बसतो. वाढदिवस, भंडारा, श्रद्धांजली, सगळ्याईचे थोबडे कापून बॅनरवर चिपकवतो. त्यात एक गोष्ट डोळ्याले लागून गेली. फोटो कोनाचाबी असो, मले आधी हे दिसते का काढनारा कुठं उभा होता. खालून काढला तं नाकपुड्या मोठ्या. पोरगी लाजून राहिली असन तं काढनारा ओळखीचा. फोटोत जे लोक असतात ते तं सगळेच पायतात. जो नाही, तो मले दिसते.

आबाजी म्हंजे माह्ये आजोबा, श्यामराव. गाव वर्ध्याकडचं, पन नोकरी सगळी नंदिनी नगरले, चुनखडीच्या खदानीत, ऑफिसात. रिटायर झाल्यावर कैंप-1 मंधी हे घर घेतलं. घरात आमी तिघं, आबाजी, साधना आत्या अन् मी. माह्ये बाबा रेल्वेत आहेत, आईसोबत डोंगरगडले राहतात. मले शिकायसाठी इथं ठेवलं होतं. शिकनं सुटलं, आबाजी नाही सुटले. त्याईच्या डोळ्यात मोतीबिंदू, हात कापतात. म्हून ते बोलतात अन् मी मोबाईलवर टाइप करतो. दिवसभर भांडतो आमी. रात्री त्याईच्या पायाले तेल मीच लावतो, दुसऱ्या कोनाच्या हातानं त्याईले चालत नाही.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाले त्याईनं गोष्ट द्याची कबूल केली होती. आजीची गोष्ट.

माही आजी, सत्यभामा, मी काय, माह्या आईनंबी पायली नव्हती. आत्या दहाएक वर्षाची होती अन् बाबा त्याहून लहान, तवाच नंदिनीले तापानं गेली. आमच्या भिंतीवर पंजोबा आहे, पंजी आहे, हार घालून. आजी नाही. कावून का आजीचा फोटोच नाही.

आबाजीले ऑफिसात कोनत्यातरी सूचनेसाठी बक्षीस म्हून कॅमेरा मिळाला होता. तो आजीनं घेतला अन् मंग कोनाले देलाच नाही. “तुमी सगळ्याईचे पाय कापता,” म्हने. त्याईनं एक बार बारशाचा फोटो काढलता, त्यात लेकरू कमी अन् छताचा पंखा जास्त आला होता, म्हून. तवापासून हरेक फोटो आजीचा. म्हंजे आजीनं काढेल. हळदीकुंकू, पोळा, बाबाची पहिली सायकल, सगळ्यात सगळे आहेत, आजी नाही. लग्नाच्या फोटोत आहे, पन पदर असा खालतं ओढेल का नथीशिवाय काही दिसत नाही.

एकच फोटो आहे जिथं आजी आहे म्हनता येईन. तो बाहेरच्या खोलीत लावेल आहे. आत्याचा वाढदिवस, नंदिनीच्या क्वार्टरचं आंगन, उतरतं ऊन. आबाजी वेताच्या मोढ्यावर, मांडीवर बाबा, बाजूले आत्या फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घालून, मागं तुळस. अन् खालतं, जमिनीवर, काढनारीची सावली. डोक्यावर पदर, दोन्ही कोपरं बाहेर. सावलीचं डोस्कं आबाजीच्या पायाले टेकेल. मी तो फोटो दुकानात नेऊन स्कॅनबी करून पायला. हिरालाल भैया हसला, “इसमें तो खाली परछाईं है. परछाईं का बैनर बना दूँ क्या?” मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

तं त्या दिवशी भांडन झाल्यावर मी आंगनातून वापस आलो, तवा आबाजी चष्मा पुसत बसेल होते. म्हनाले, “चंदन, खरं सांगू काय? मले तिचा चेहरा येत नाही.”

“म्हंजे?”

“आवाज येते. बांगड्या येतात. चिडली का कशी भांडे आपटे ते येते. चेहरा नाही येत. आधी येत होता, मंग कवा गेला ते समजलं नाही. वाटलं, गोष्ट लिहीन तं येईन. आता माह्यं वय पाय. वर गेलो अन् ओळखलंच नाही तं?”

मले हसू आलं अन् मंग आलं नाही. मी मोबाईल उचलला. “चला, सांगा.”

पन ‘मी’ म्हून सांगतलं तं गाडी तिथंच अडके. आबाजी ड्यूटीवरून येत, तवा आजीचं तोंड चुलीकडं, पाठ त्याईच्याकडं. सुट्टीच्या दिवशी पाय तं तिच्या तोंडासमोर कॅमेरा. त्याईच्या डोळ्यानं जितकं दिसलं तितकंच येत होतं, अन् त्यात आजी नेहमी अर्धी होती.

मी म्हनलं, “मंग आत्याच्या डोळ्यानं सांगू. गोष्ट सांगनारी लहान पोरगी.”

आत्या भेंडी कापत होती. ती बँकेत आहे, पन सध्या महिनाभर सुट्टी टाकून घरीच होती. तिनं विचार केला अन् म्हनाली, “मले तं फनी आठवते रे. मी समोर बसली, आई मांगं. केस असे खसकन ओढे का डोळ्यात पानी. आई म्हंजे माह्या मांगंच असे नेहमी.”

“वळून पायलं नाही कवा?”

“वळली का डोक्यात टपली,” आत्या हसली. मंग भेंडी कापताच आली नाही तिले थोडा वेळ.

तिसऱ्यांदा आबाजीनं सरळ आजीलेच बोलाले लावलं. ‘मी सत्यभामा.’ अन् बाप्पा, काय सुरू झाले! नंदिनीची पांढरी धूळ, खदानीत सुरुंग फुटायच्या आधी वाजनारा भोंगा, भोंगा वाजला का फळीवरचे पेले दोन्ही हातानं दाबून धरनं, सगळं आलं. आबाजी स्वतःच त्यात असे काही दिसले का ते टाइप करता करता मी लोटपोट झालो. “किती हाडकुळा होतो बे मी,” ते म्हनाले, “अन् ही सांगून राहिली का रुबाबदार! पाय, पाय, लिही ते.”

पन आजीले आजी दिसेना.

“आरशात पायली असं लिहा ना,” मी म्हनलं.

आबाजीनं स्वतःच्या गालावरून हात फिरवला. “आरसा माह्या दाढीचा होता. माह्या उंचीवर खिळा ठोकेल. तिले त्यात फकत भांग दिसे. कुंकू अंदाजानं लावे.” मंग म्हनाले, “एक खिळा खालतं ठोकाले काय गेलं असतं, हे आता सुचून राहिलं पाय.”

असं घोडं अडेल असताना कमलिनीताई आल्या. अंक त्याच काढतात, नागपूरच्या आहेत, साफ बोलतात. चहात बिस्कीट बुडवत त्याईनं तिन्ही गोष्टी ऐकल्या.

“श्यामराव, आधी हे ठरवा, की गोष्ट कोण सांगतंय,” त्या म्हनाल्या. “घरातला कोणीही घेतलात तरी त्याच्यापुरतंच दिसणार. बाहेरचा कोणी तरी सांगू दे. तो सगळ्यांना पाहील, त्याला कोणी पाहणार नाही.”

“असा कोन असते?”

“कोणी नसतो हो. मानायचा.” बिस्कीट चहात पडलं, त्या चमच्यानं काढत बसल्या.

आबाजी जुने मानूस. मानायचा म्हंजे नीट मानायचा. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आलो तं ते मागच्या आंगनात होते. आमच्या आंगनाले मांगून एक दार आहे, गल्लीत उघडते. त्या दाराच्या उंबऱ्यावर पाट टाकून, गल्लीकडं पाठ अन् घराकडं तोंड करून बसेल. उतरतं ऊन त्याईच्या मागून येऊन राहिलं होतं. त्याईची सावली आंगनात तुळशीपर्यंत गेली होती.

“आबाजी, इथं कायले? गल्लीतून कुत्रे येतात.”

“बाहेरचा म्हंजे बाहेर बसा लागन ना? ती इथूनच फोटो काढे. नंदिनीले बी दार असंच होतं, मावळतीले. बस, टाइप कर.”

अन् ते सांगाले लागले. एरवी आबाजी बोलताना खोकतात, अं अं करतात, मधातच चिवड्याचं विचारतात. आता आवाज सरळ चालला होता.

“श्यामराव मोढ्यावर बसला आहे. पोरगा मांडीवर चुळबुळ करते. सत्यभामा दारातून आत येते. तिच्या उजव्या भिवईत एक चीर आहे, तितक्या जाग्यावर केस नाही. लहानपनी पाट्यावर पडली होती.”

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. आत्या दारात उभी होती, खाली कनकेची परात. “भिवईतली चीर,” ती म्हनाली. “मी विसरलीच होती. खरंच होती. मी बोट लावून पायत होती तिथं.”

त्या दिवशी आमी तिघंबी लय खुश होतो. आत्यानं शिरा केला. कितीतरी वर्षानं आजीचा एक तुकडा घरात आला होता, फकत एक भिवई, पन खरी. आबाजीनं शिरा दोनदा घेतला. त्याईनं स्वतःले ‘श्यामराव’ म्हनलं हे मले जरा कसंसंच वाटलं होतं.

तुळशीच्या पानावर पांढरी धूळ मीच पायली. इथल्या लोखंडाच्या प्लांटची धूळ मले मालूम आहे, ते लालसर काळी असते, पांघरुनावर बसते. ही पिठासारखी होती. बोट फिरवलं तं बोट पांढरं.

मंग रोज दुपार उतरली का आबाजी उंबऱ्यावर. रोज आजी थोडी थोडी. हसाच्या आधी डावीकडचा ओठ उचलते. कानाच्या पाळीले दोन भोकं, एकात काडी. घाम आला का नाकाच्या शेंड्यावर येते. मी टाइप करू करू थकून जाओ, पन उठाची इच्छा नव्हती. मले आजी आवडाले लागली होती. जिले कवा पायलं नाही तिची आठवन याले लागली होती. आबाजी म्हनत, “अजून तोंड तिकडं आहे. एका बाजूनं दिसते. थांब, वळन.”

एका दिवशी आत्यानं चहा आनला. दोन कप.

“आबाजीचा?”

“फिराले गेले असन ना,” आत्या म्हनाली अन् उंबऱ्याकडं पायलं. सरळ पायलं, गल्लीपर्यंत. मंग आबाजी खोकले, तवा ती दचकली. “अगं बाई! इथंच होते काय? दिसलेच नाही.”

आबाजीनं त्याचा जोक केला. “म्हातारा झालो म्हून तुह्या डोळ्यातून उतरलो.” आत्या लाजली, तिसरा कप आनला. मी मातर त्याईच्या सावलीकडं पायत होतो. आंगनात पडेल सावली लय गडद होती. तितके गडद आबाजी स्वतः नव्हते. कसं सांगू, फ्लेक्सवर शाई कमी पडली का चेहरा जसा येते, तसे.

दुसऱ्या दिवशी कमलिनीताई मागूनच आल्या, पुढं कोनाचा तरी मांडव होता म्हून. साडी जरा उचलली अन् उंबरा ओलांडला. आबाजीच्या गुडघ्याले त्याईची पिशवी घासली.

“श्यामराव नाहीत का? गोष्ट हवी होती, अंक छापायला जातोय.”

“दिसत नाही काय तुमाले?” मी ओरडलो. “तुमी त्याईच्या अंगावरून आल्या!”

“अरे, नीट बोल.” त्या मागं वळल्या. उंबऱ्याकडं पायलं, मंग माह्याकडं. अन् आत्याले हळूच म्हनाल्या, “ह्याला काय झालंय?”

आबाजी सांगत होते. थांबलेच नाही. “एक बाई पिशवी घेऊन येते,” ते म्हनाले. “पोरगा तिच्यावर चिडते. पोराचे कान लाल झाले आहेत.” कमलिनीताईच्या मानेवर माशी बसावी तसं त्याईनं हात फिरवला. बस, तितकंच.

त्या गेल्यावर मी बाहेरच्या खोलीत गेलो. कावून गेलो ते मले सांगता येत नाही. फोटो पायला.

मोढा रिकामा होता.

बाबा आता आत्याच्या कडेवर होते. मोढ्यामागं, तुळशीजवळ, एक बाई उभी होती. हलल्यासारखी, धुरकट, तोंड अर्धं तिकडं. उजव्या भिवईत चीर. अन् खालतं जमिनीवर जे सावली होती तिच्या डोक्यावर पदर नव्हता. टक्कल होतं. एक खांदा वर, एक खालतं, आबाजी बसतात तसा.

मी मोबाईलमंधी स्कॅन पायला, दुकानातला. त्यातबी तसंच.

पळत आंगनात आलो. “उठा! बस झालं. उठा तिथून.”

“गप बे. ती वळून राहिली.”

“आत्याले तुमी दिसत नाही! फोटोतून गेले तुमी! गोष्ट नाही लिहाची आपल्याले, फाडून टाकतो, डिलीट मारतो—”

“मार. मी टाइप कराले कुठं सांगून राहिलो?” ते हसले. आवाज दारातून येत होता, त्याईच्या तोंडातून येते असं वाटत नव्हतं. “चंदन, रागावू नको. अर्धा चेहरा आला बेटा. मी आता उठलो तं ती वापस पाठ करन. पुन्हा आनाले माह्याकडं दिवस नाही.”

“अन् माह्याकडं? तुमी असे गेले तं मी कोनाशी भांडू?”

मी त्याईचा हात धरला. हात होता. पन जसा पान्यात घालेल हात असते, तसा, थंड अन् दुसरीकडंच.

मले रडू आलं अन् त्याचाबी राग आला. आबाजी तिले पायतील, पन ती त्याईले पायन कशी? मोढा तं रिकामा आहे. ती वळन अन् समोर कोनीच नसन. कायची गोष्ट ही? चाळीस वर्षानं बायको वळून पायते अन् नवरा दारात, गल्लीतल्या मानसासारखा!

हेच मी ओरडून बोललो. ते मातर त्याईले लागलं.

“मंग कसं करतो?” लहान पोरासारखं विचारलं त्याईनं.

“सांगनारा बदलू,” मी म्हनलं. “तुमी जा, मोढ्यावर बसा. इथं मी बसतो. मले मालूम आहे सगळं, रोज टाइप करून राहिलो. अन् फ्रेम मले तुमच्यापेक्षा चांगली समजते.”

“पन तू…”

“मले काय होते? मी ‘मी’ म्हून सांगतो ना! भांडनापासून सुरू करतो. माह्या तोंडून, माह्या बोलीत. ‘मी’ म्हननारा गोष्टीतच असते, त्याले काय होते?”

मले हे पटलं होतं. आताबी जवळजवळ पटतेच.

आबाजी उठले. गुडघा वाजला, तो आवाज ऐकून मले इतकं बरं वाटलं. आंगनात गेले. मी पाटावर बसलो. पाट गरम नव्हता, इतका वेळ मानूस बसूनबी.

मंग मी मोबाईल तोंडाजवळ धरला अन् सांगाले लागलो. ‘तुमी तं तवा खदानीत होते, आबाजी,’ इथून. तुमी जे वाचलं, ते. टाइप नाही करून राहिलो, बोलून राहिलो, मोबाईल आपोआप लिहिते. नजर हलवता येत नाही ना, म्हून.

ऊन माह्या मागून आहे. समोर आंगन.

आत्यानं बाहेरच्या खोलीतून मोढा आनला. “बाबा, इथं बसा, वारा आहे,” आबाजीले म्हनाली. तिले ते दिसतात. चांगले गडद दिसतात, शर्टाची वरची गुंडी तुटेल तेबी दिसते. मी जोरात म्हनलं, “आत्या, दिसले ना!” तिनं तुळशीवरची धूळ पुसली. पांढरी झाली तिच्या हातची फडकी.

आत्या चहा आनते. ट्रेमंधी तीन कप.

मी हात पुढं केला. एक कप आबाजीचा. एक तिचा स्वतःचा. तिसरा तिनं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला, बशी वरून झाकून, जसं कोनी हात धुऊन येऊनच राहिलं असन.

अन् आली.

मी चेहऱ्याचं सांगनार नाही. तो आबाजीचा आहे. इतकंच सांगतो का ती वळली, मोढ्याकडं वळली, अन् ती म्हनाली, “किती वाळले हो तुमी.” आबाजी रडत रडत हसले. मी त्याईले असं हसताना कवाच पायलं नव्हतं. डावीकडचा ओठ आधी उचलला तिनं. बरोबर लिहिलं होतं आमी.

आत्यानं आतून भिंतीवरची फ्रेम काढून आनली. पदरानं काच पुसून राहिली. “बाबा,” ती म्हनाली, “यात तं आपन सगळेच आहो. आईबी आहे. मंग हा काढला कोनी?”

आबाजीनं फोटो डोळ्याजवळ नेला. बोट खालतं, सावलीवर ठेवलं.

“होता बा कोनीतरी पोट्टा,” ते म्हनाले. लय मायेनं म्हनाले. “नाव नाही आठवत. कान पाय त्याचे, सुपासारखे.”

मी हाक मारली. आबाजी, मी चंदन. तेल कोन लावन पायाले? पुन्हा मारली. मोबाईलनं दोन्ही बार बरोबर लिहिलं आहे, नजरेसमोर धरून पायलं मी.

कुत्रे, ऑटो, कोंबडीवाल्याचा ठोका, मागं गल्लीत काहीच वाजून नाही राहिलं. वळून पायता येत नाही. पायाखालतं मातर मऊ लागते, पिठासारखं. लांब भोंगा वाजला. आंगनात आजीनं दोन्ही हातानं कप दाबून धरले.

मंग तिनं सरळ माह्याकडं पायलं. घरात तिलेच दिसतो मी. तिले मालूम आहे ना, इथं उभं राहनारा असते म्हून. हातानं इशारा केला, जसा फोटो काढनाऱ्याले करतात.

“अजून जरासा मांगं हो, बापू. तुळस कटून राहिली.”

मी पाटावरून उठलो. उंबऱ्याच्या बाहेर एक पाय टाकला. आता चौघंबी येतात, तुळसबी येते, आबाजीचे पायबी कटत नाही. फकत माही सावली मधात येते.

ती म्हनते, अजून थोडा.

मले आता जा लागते.